पिवळ्या रंगाखाली

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या त्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा घरमालकीण मराठी आहे एवढंच दलालाने सांगितलं होतं. "आपकी तरफ़ की ही हैं, वायू मॅडम," तो म्हणाला होता. मी साताऱ्याची. वायू हे आमच्याकडचं कसलं नाव, ते मला कळेना. सामान वर चढवून गच्चीवर गेले, तर दोरीवर दोन परकरांच्या मधोमध घड्याघड्यांच्या दोन काळ्या रबरी नळ्या लोंबत होत्या. त्यांच्यावर ऊन पडू नये म्हणून वर जुनी चादर ताणलेली. व्हॅक्यूम क्लीनरच्या असतील असं समजून मी त्या जरा सरकवायला गेले, तोच जिन्यातून आवाज आला, "हाताला तेलबिल नाही ना?"

त्या कुंदाताई. पूर्ण नाव कुंदा वायंगणकर, लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलेलं. जयपुरात ते आडनाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून शाळेतल्या मुलांनी त्याचं 'वायू' करून टाकलं आणि पुढे गल्लीनेही तेच उचललं. मूळच्या मालवणच्या. नवरा विमा कंपनीत. बदली होऊन दोघं इथे आले आणि इथलेच झाले. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कुंदाताई शाळेत खेळाच्या बाई होत्या, पोहणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी सकाळी मालवीय नगरच्या बाजूच्या एका तरण तलावावर जायच्या आणि डायव्हिंग शिकायला आलेल्या मुलामुलींना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायच्या. जयपुरात समुद्र कुठे आहे, असं त्यांना कुणी ना कुणी विचारायचंच. "म्हणूनच तर," एवढंच त्या म्हणायच्या.

दोरीवरच्या नळ्या त्यांच्या भावाच्या सेटच्या होत्या. आता डायव्हर लोक एका नळीतून श्वास घेतात. पूर्वीच्या सेटला दोन नळ्या असत. पाठीवर हवेचा सिलिंडर, सिलिंडरच्या डोक्यावर मानेमागे पोळीच्या डब्यासारखी गोल धातूची डबी, आणि त्या डबीतून निघून दोन्ही कानांजवळून तोंडाशी येणाऱ्या दोन नळ्या. एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. बुडबुडे तोंडापुढे न येता मानेमागून वर जातात, त्यामुळे समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. कुंदाताई पाण्यात याच सेटने उतरायच्या. सिलिंडर तेवढा नवा, बाकी भावाचं.

ती डबी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले होते. होडीला लावतात तो जाड पिवळा रंग तिला दिलेला, आणि मधोमध काळ्या रंगात एक भलामोठा माशाचा डोळा काढलेला. ब्रशचे फराटे दिसत होते. बुबुळ जरा तिरळं होतं.

"विलासदादाने काढला," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणायचा, मागून कोण आलं तर त्याला वाटलं पाहिजे की मी बघतोय."

विलास त्यांचा थोरला भाऊ. मुंबईच्या बंदरात एका लहानशा कंत्राटदाराकडे पाणबुड्या होता. जहाजांच्या तळाला उतरून पंखे साफ करायचे, अडकलेले दोर कापायचे, असली कामं. अशाच एका कामावर पाण्याखाली त्याचा जीव गेला, तेव्हा कुंदाताई कॉलेजात होत्या.

हे त्यांनी मला पहिल्या महिन्यात सांगितलं, तेही एका वाक्यात. बाकीचं कळायला वर्ष गेलं.

त्यांच्या घरात धूळ हा शत्रू होता. जयपुरातली धूळ बंद खिडकीतूनही आत येते आणि भाताच्या पातेल्यापर्यंत पोचते. ती त्या डबीतल्या पातळ पडद्यावर बसू नये म्हणून डबी उशीच्या अभ्र्यात, अभ्रा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी देवघराखालच्या कपाटात असे. धुळीची आंधी येण्याची चिन्हं दिसली की त्या आधी कपाट बघायच्या, मग कपडे काढायच्या. पण हा जपण्याचा सोस सरसकट नव्हता. नळ्या, पडदा, तोंडात धरायचं रबर हे सगळं त्या दर एक-दोन वर्षांनी बिनदिक्कत फेकून नवं लावायच्या. "रबराला माया नसते," असं त्या म्हणायच्या. "ते जुनं झालं की दगा देतं. धातू आणि रंग दादाचा. रबर आजचं."

या एका वाक्यावरून त्यांची आणि हर्षची गाठ पडली.

हर्ष खंडेलवाल तिशीचा. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्याच्या वडिलांचा पितळी वस्तूंचा कारखाना होता. जुन्या पाणबुड्यांची असतात तशी गोल काचांची पितळी शिरस्त्राणं तिथे बनायची, हॉटेलात शोभेला ठेवण्यासाठी. त्यांना रसायन चोपडून दोनशे वर्षांपूर्वीचा मळ चढवायचे. दिवसभर खोटं जुनं विकणाऱ्या या मुलाला खऱ्या जुन्याचं वेड होतं. परदेशातून, भंगारातून, कुठून कुठून त्याने डायव्हिंगचं जुनं सामान गोळा केलं होतं आणि त्याच्यासारख्याच चार-पाच जणांना घेऊन तो रविवारी त्याच तलावावर यायचा. त्यांचा नियम असा, की उतरायचं तर सगळं एका काळाचं हवं. मास्क, पट्टे, पायातल्या फिन्स, मनगटावरचं घड्याळसुद्धा. त्यात कुंदाताई म्हणजे डोळ्यात कुसळ. डोक्याला फुलाफुलांची टोपी, आणि फिन्स घासू नयेत म्हणून नवऱ्याचे फुटबॉलचे हिरवे मोजे.

"मॅडम, ये मोज़े उस ज़माने के नहीं हैं," हर्ष त्यांना म्हणाला होता.

"मेरे ज़माने के हैं," कुंदाताई म्हणाल्या.

त्याच दिवशी त्याने मोठ्या अभिमानाने एक डबा उघडला. आत कधीही न वापरलेल्या, कारखान्यातून निघाल्या तशा दोन नळ्या होत्या. तेव्हाच्याच. त्या लावून तो पाण्यात उतरणार होता. कुंदाताईंनी एक नळी हातात घेतली, वाकवली, घडीच्या आत बोट घालून पसरली. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि कुणाला काही कळायच्या आत नळी मधोमध कापली. हर्षचा चेहरा पांढराफटक पडला. त्या त्याला म्हणाल्या, "पुराना दिखना है, या ऊपर आना है?"

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो नव्या नळ्या घेऊन, आणि त्यांच्या पाया पडला. तिथपासून त्यांची भांडत भांडत मैत्री झाली. हर्ष म्हणायचा, वस्तू बनवणाऱ्याने बनवली तीच खरी. नंतर कुणी रंगवली, ठोकली, तर तो तिच्यावरचा अन्याय. पिवळ्या डबीकडे बघून तो हळहळायचा. हे मॉडेल आता मिळत नाही, या रंगाखाली केवढी सुंदर वस्तू लपली आहे. कुंदाताई म्हणायच्या, कारखान्यातून अशा हजार डब्या निघाल्या असतील, डोळा असलेली ही एकच.

मी तलावाच्या काठावर बसून दोघांचं ऐकायची. मला पाण्याची भीती वाटते. तिथे माझं काम फक्त टॉवेल सांभाळायचं.

त्या काठावरच मी कुंदाताईंची दुसरी बाजूही पाहिली. डायव्हर पाण्यात असताना काठावर एकजण त्याच्यावर नजर ठेवायला असतो. उतरण्याआधी त्याचं सामान तपासायचं, मग त्याच्या बुडबुड्यांवरून डोळा हलवायचा नाही. एकदा या कामावर असलेल्या कॉलेजातल्या एका मुलीने फोन वाजला म्हणून मान वळवली. क्षणभरच. कुंदाताई इतक्या थंड आवाजात तिला जे बोलल्या, ते ऐकून ती मुलगी रडत कपडे बदलायला गेली आणि परत कधी आली नाही. घरी येताना मी म्हटलं, "ताई, जरा जास्तच झालं."

"काठावरच्या माणसाने मान वळवली की खालचा मरतो," त्या म्हणाल्या. मग घरी पोचल्यावर, चप्पल न काढता, त्यांनी मला बाहेरच्या खोलीतल्या बुटांच्या मांडणीशी नेलं. तिथे कोपऱ्यात एक जुना सिलिंडर उभा असे. तोही पिवळा. त्याच्या तोंडाशी पितळी झडप, झडपेला एक लहान लिव्हर. तेही पिवळ्या रंगाने माखलेले.

"ह्या बघ," त्या म्हणाल्या. चिडल्या की त्यांच्या बोलण्यात मालवण येई. मग सावकाश त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या काळात हवा किती उरली ते दाखवणारा काटा बहुतेकांकडे नसायचा. त्याऐवजी हे लिव्हर असायचं. लिव्हर वर असलं की आतली स्प्रिंग शेवटची थोडी हवा अडवून ठेवते. श्वास जड झाला की लिव्हर खाली ओढायचं. राखून ठेवलेली हवा मिळते, तेवढ्यात वर यायचं. म्हणून उतरण्याआधी लिव्हर वर आहे ना, हे होडीतल्या माणसाने बघायचं असतं. धक्क्याने ते खाली आलेलं असलं, तर राखीव हवा आधीच्या हवेबरोबर संपून जाते आणि खालच्याला पत्ताही लागत नाही.

विलासला वर काढलं तेव्हा लिव्हर खाली होतं.

होडीत होता नारायण कुबल. त्यांच्याच गल्लीतला, विलासचा जिवाभावाचा मित्र. घरात त्याला सगळे नारू म्हणायचे. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "लिव्हर वर होतं. मी हात लावून बघितलं होतं." कंत्राटदाराच्या कचेरीत चौकशी झाली. वडील सुन्न होते, म्हणून कुंदाताई बोलल्या. नारूला खालच्याचा दोर सांभाळताना गप्पा मारायची सवय आहे, त्याने बघितलं नसणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर मुंबईत नारूला कुणी काम दिलं नाही. तो मालवणला परत गेला. कुंदाताईंनी त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. त्याची बायको त्यांच्या लग्नात अक्षता टाकायला आली होती, तिच्याशीही त्या बोलल्या नाहीत.

सिलिंडर गंजलेला होता, हवा भरण्याजोगा केव्हाच राहिला नव्हता. डबी त्या स्वतः खोलून साफ करायच्या, पण या झडपेला त्यांनी कधी पाना लावला नाही. "तिथे दादाचा शेवटचा हात लागलाय," असं त्या म्हणाल्या.

हर्षने एका हॉटेलच्या दिवाणखान्यात जुन्या सामानाचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि विलासचा सबंध सेट मागितला, तेव्हा कुंदाताई लगेच हो म्हणाल्या याचं मला नवल वाटलं. मला वाटतं, भावाची वस्तू लोकांनी बघावी अशी इच्छा त्यांच्या मनात कुठेतरी होती. वस्तू गाडीत ठेवताना त्या हर्षला म्हणाल्या, "थोडा ठीक कर देना, बेटा." पट्टा तुटायला आला होता, तेवढाच त्यांच्या डोक्यात होता.

'ठीक' या शब्दाचा हर्षने आपल्या परीने अर्थ लावला.

काही आठवड्यांनी तो आला, तेव्हा त्याच्या तोंडावर लग्नघरातला आनंद होता. कुंदाताईंच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर त्याने मखमली कापड अंथरलं आणि एकेक वस्तू काढून मांडली. डबी आरशासारखी चकाकत होती. तिच्यावर कारखान्याची नक्षीदार मोहोर उमटून आली होती. सिलिंडर राखाडी, जसा मुळात असायचा तसा. पट्टे त्याच काळातले, कुठून तरी मिळवलेले. पिवळा रंग कुठेही नव्हता. डोळा नव्हता.

कुंदाताईंनी डबी हातात घेतली आणि अंगठ्याने मधोमध चाचपली. हर्षला ते कौतुकच वाटलं असावं. तो भराभर सांगत सुटला. सगळं रसायनात बुडवून ठेवलं होतं, सगळे भाग सुटे केले, प्रत्येक स्क्रू त्या काळचा आहे. आणि मग तो म्हणाला, "सबसे मुश्किल तो वाल्व था. रिज़र्व की स्प्रिंग अंदर थी ही नहीं. महीना लगा ढूँढने में. अब लगा दी. अब ये सौ टका ओरिजिनल है, मॅडम."

"नहीं थी?" कुंदाताईंनी विचारलं.

"नहीं थी."

"टूट गई होगी. टुकड़े होंगे."

"टुकड़ा एक भी नहीं था. किसी ने आराम से खोलके निकाली थी, और वापस बंद किया था. पुराने लोग करते थे ऐसा, अपने-अपने स्टाइल से."

कुंदाताई खुर्चीवर बसल्या. मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. हर्ष एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. त्याला विलासचा अपघात माहीत होता, पण लिव्हरची गोष्ट माहीत नव्हती. रंगाबद्दल रागावल्या असतील असं समजून तो माफी मागू लागला. त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि जायला सांगितलं.

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "स्प्रिंगच नव्हती तर लिव्हर वर काय आणि खाली काय. राखीव हवा नव्हतीच." मग म्हणाल्या, "नारू खरं बोलत होता."

त्या आठवड्यात त्यांना नीट जेवताना मी पाहिलं नाही. रविवारी तलावावर गेल्या नाहीत. मग एके दिवशी दुपारी वर येऊन म्हणाल्या, "अश्विनी, मला कुडाळपर्यंतचं तिकीट काढून दे. नारू आहे अजून. चुलतबहिणीकडून कळलं."

पंधरवड्याने परत आल्या त्या उन्हाने काळवंडून. पिशवीत कोकमाची सोलं होती, सुके बांगडे होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका शोधत होते, ती नव्हती. ओट्याशी उभ्या राहून सोलं बरणीत भरता भरता त्यांनी सांगितलं.

नारू आता पर्यटकांना होडीतून मासे दाखवायला नेतो. मुलगा बरोबर असतो, पण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचे पट्टे हा स्वतः ओढून बघतो. कुंदाताई किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने त्यांना लांबूनच ओळखलं. घरी नेलं, बायकोने जेवायला वाढलं. मग अंगणात बसल्यावर कुंदाताईंनी सांगितलं, स्प्रिंग नव्हती ते कळलं, माझं चुकलं, मी तुझी माफी मागायला आले.

मान वर न करताच नारू म्हणाला, "स्प्रिंग मीच काढलेली."

कुंदाताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"विलासच बोललो काढ म्हणान. मधेच श्वास जड होता, काम अर्ध्यार रवता, माका माझो श्वास कळता, असा बोललो. मी काढलंय. तुमी माका इचारलास, लिव्हर वर होता काय? वर होता. स्प्रिंगेचा कोणी इचारूक नाय. मीय सांगूक नाय."

हे सांगताना कुंदाताईंचा आवाज अगदी सपाट होता. बरणीचं झाकण लावून त्या माझ्याकडे वळल्या. "दादाला माहीत होतं की स्प्रिंग नाही, तर त्याने लिव्हर ओढलं कशाला? जे नाही ते ओढायला हात जाईल का?"

"घाबरल्यावर जात असेल," मी म्हटलं.

"नारूपण तेच म्हणाला. घाबरल्यावर हात जातो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "की दादाला माहीतच नव्हतं? ह्याने आपल्याच मनाने काढली, आणि आता मेलेल्याच्या नावावर घालतोय? चाळीस वर्षं मी त्याला खोटा म्हणत आले, मग एक आठवडा खरा म्हटलं, आणि आता मला काही म्हणता येत नाही."

मग त्यांना एक गोष्ट सुचली, आणि ती सुचताना मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या पटकन हात पुसून म्हणाल्या, "रंग." विलासने सेट रंगवला तो शेवटच्या गणपतीच्या सुट्टीत, मालवणच्या अंगणात, कुंदाताईंच्या समोर. झडपेच्या जोडावरूनसुद्धा त्याने जाड रंग फिरवला होता. म्हणजे स्प्रिंग काढली ती त्या रंगाआधी की नंतर, हे जोडावरूनच कळलं असतं. जोडावरचा रंग अखंड असेल, तर झडप रंगाच्या आधी उघडलेली, सेट विलासच्या हातात असताना. रंग तडकलेला असेल, तर ती नंतर कुणीतरी उघडली, होडीवर, मुंबईत.

आम्ही तशाच रिक्षा करून विश्वकर्माला गेलो. हर्ष कारखान्यात शिरस्त्राणांच्या रांगेत उभा होता. कुंदाताईंनी त्याला एकच विचारलं. तू झडप उघडलीस, तेव्हा जोडावरचा रंग सलग होता की तुटलेला?

हर्षने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "मॅडम, मैंने तो पहले पूरा डुबो दिया था. रंग उतर गया, तब खोला." त्याने फोनमधले फोटो काढले. रंग काढण्याआधी त्याने चारही बाजूंनी फोटो घेतले होते, तेवढा तो व्यवस्थित होता. झडपेचा फोटो त्याने मोठा केला, अजून मोठा केला. जोडावर नेमकं ऊन पडलं होतं. पिवळ्याच्या जागी एक पांढरा ठिपका होता.

तेव्हा कुंदाताईंनी त्याला लिव्हरची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत गेला आणि खाली बसला, तिथेच, पितळेच्या किसात. "मैं फिर से बना दूँगा," तो म्हणाला. "फोटो हैं मेरे पास. वही पीला, वही आँख, वैसी ही टेढ़ी. कोई पहचान नहीं पाएगा."

"मैं पहचानूँगी," कुंदाताई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वो स्प्रिंग निकाल दे."

"पर वो ओरिजिनल है."

"इसमें नहीं थी. इसमें जो नहीं था, वो मत डाल."

त्याने त्यांच्यासमोर झडप उघडली आणि स्प्रिंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी होती. त्यांनी ती बघितली आणि त्याला परत दिली.

प्रदर्शनात सेट मांडला गेला, तसाच बिनरंगाचा. मी बघायला गेले होते. खालच्या पाटीवर काय लिहायचं यावरून दोघांचं पुन्हा वाजलं होतं. हर्षला लिहायचं होतं, स्प्रिंग मालकाच्या इच्छेने काढलेली. कुंदाताईंनी 'मालकाच्या इच्छेने' खोडायला लावलं. पाटीवर एवढंच उरलं, की वापरणाऱ्याचं नाव विलास वायंगणकर, राखीव स्प्रिंग काढलेली आहे, मूळचा पिवळा रंग आता नाही. लोक पाटी वाचायचे आणि पुढच्या पितळी टोपाकडे जायचे.

रंग 'मूळचा' कसा, यावर हर्ष काही बोलला नाही.

त्या पुन्हा तलावावर जाऊ लागल्या, पण शिकवणं बदललं. उतरण्याआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुमने अपने सेट में क्या बदला है? बोलके बता." कुणी पट्टा कापला असेल, कुणी मास्कवर चांदण्या चिकटवल्या असतील. ते काठावरच्या माणसाला मोठ्याने सांगायचं, मगच पाणी. चांदण्यांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मात्र काठावरच्यांवर आता त्या ओरडत नसत. कुणाची मान वळलीच, तर त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या, आणि मग स्वतःच दुसरीकडे बघायच्या. नारूला त्यांनी एकदा फोन केला. दोघं पावसाविषयी बोलली. दिवाळीला त्याच्याकडून फराळाचं पार्सल आलं, ते त्यांनी खाल्लं नाही आणि टाकलंही नाही. गल्लीत वाटून टाकलं.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला मनातून काय वाटतं?"

"सकाळी वाटतं दादाने सांगितलं असणार. तो तसाच होता, स्वतःच्या श्वासाचा गर्व होता त्याला. दुपारी वाटतं नारू खोटं बोलतोय." भाजी चिरता चिरता त्या थांबल्या. "नारूने काढली असेल तर मला राग यायला माणूस तरी आहे. दादाने काढायला लावली असेल, तर मी कुणावर रागावू?"

पुढे माझी बदली पुण्याला झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घावणे केले आणि मला आग्रह करून वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमानतळाकडे निघाले. रविवार होता. मालवीय नगरच्या सिग्नलला टॅक्सी थांबली आणि पुढच्याच रांगेत मला त्या दिसल्या. स्कूटरवर होत्या. भरून आणलेला सिलिंडर पायांमध्ये उभा, दोन्ही गुडघ्यांनी आवळून धरलेला. हेल्मेटची काच वर केलेली.

मी हाक मारायला खिडकीची काच खाली केली. त्या बोलत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. पलीकडच्या मोटारीचा ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. ओठ भराभर हलत होते. मधेच त्या थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारख्या, आणि मग मान हलवून, एक हात हँडलवरून उचलून, पुन्हा सुरू व्हायच्या. नारूशी चाललं होतं की विलासशी, ते मला कळलं नाही. कुणीही असो, त्यांनी अजून त्याला सोडलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले. कुंदाताईंनी वाक्य पुरं केलं, मगच स्कूटर पुढे काढली.